वास खाणारी मशीन आणि चौदाव्या मजल्याचा ठसका

पंख्याच्या पात्यावर धूळ कधी बसते ते कुणाला दिसत नाही. पंखा गरगर फिरत असतो, आपण खाली पाय पसरून बसलेलो असतो. एक दिवस लाइट जाते, पंखा थांबतो, आणि वर बघावं तर ही एवढी जाड रेघ! आमच्या किश्श्यांचं तसंच झालं. तो अख्खा उन्हाळा आम्ही तिघी नुसत्या धावत होतो. थांबलो तेव्हा कळलं की एवढं काय काय साचलंय. पुसून टाकण्यापेक्षा सांगून टाकते.

तिघी म्हणजे मी इंदू, माझी शेजारीण वच्छी आणि शालन. वच्छी मालवणची. शालन आमच्या जुन्या चाळीतल्या कांबळ्यांची. परळच्या हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर. चाळीस वर्षं आम्ही मिळून लालबागेत मालवणी मसाला करतो. कुटायला खाली डंकावर नेतो, पण मिरची आणि खडा मसाला भाजायचा तो आमच्याच हातानं, आमच्याच तव्यावर. भाजणी दुसऱ्याच्या हातात दिली की मसाला त्याचा झाला. मग आपण फक्त पिशव्या भरणाऱ्या!

चाळीत हे सगळं गॅलरीत चालायचं. या टोकाकडून वारा शिरायचा, त्या टोकाला ठसका घेऊन निघून जायचा. मग चाळीचा टॉवर झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. टॉवरला सगळं आहे. लिफ्ट आहे, लॉबी आहे, वॉचमन उठून सलाम मारतो. वारा तेवढा नाही. बाजूला आणखी एक टॉवर उठतोय, त्याच्या सिमेंटच्या धुळीपायी सगळ्यांच्या खिडक्या कायम बंद.

तर नव्या घरातला पहिला उन्हाळा. पहिली भाजणी.

*

लवंगी मिरची तव्यावर पडली. दहा मिनिटांत वच्छी शिंकायला लागली, शालननं पदर नाकाला लावला, आणि पॅसेजमध्ये कसला तरी भोंगा सुरू झाला. आम्हाला वाटलं, खाली कुणाची गाडी बोंबलतेय. आम्ही भाजतोय!

बाहेर बघते तर बावीस मजल्यांची माणसं जिन्यानं खाली उतरतायत. कुणी पोरं उचललीत, कुणी दागिन्यांचा डबा. एक बाई देव्हारा घेऊन निघालेली. धूर ओळखणारा तो पॅसेजमधला डबा आमच्या मिरचीनं वाजवला होता!

आमचे सेक्रेटरी तावडे. एकविसाव्या मजल्यावरून आले ते अर्ध्या गालाला साबण लावून, हातात दाढीचा ब्रश.

"आग कुठाय? आग कुठाय?"

मी झारा दाखवला. "तव्याखाली. बघायचीय?"

त्या संध्याकाळी मीटिंग. ठराव असा झाला की दोन महिन्यांची मुदत. त्यानंतर कमिटी येऊन तपासणार. भाजताना पॅसेजमधली हवा साफ राहिली तर ठीक, नाहीतर इमारतीत मसाला भाजणं कायमचं बंद.

मी चौथी शिकलेली बाई. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा ह्याच तव्यानं घर उभं ठेवलं. तवा बंद कर असं माझ्या नवऱ्यानं कधी सांगितलं नाही, तिथे तावडे कोण? मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, "दोन महिने कशाला? हवा साफ करून दाखवते!"

घरी आल्यावर शालन म्हणाली, "कशी करणार आहेस?"

मी म्हटलं, "ते अजून ठरायचंय."

*

मोबाईलवर शोधून शोधून एक मशीन सापडली. फोटोकॅटॅलिटिक. हा शब्द मी तीन दिवस तोंडात घोळवला आणि चौथ्या दिवशी कंपनीला फोन लावून न अडखळता म्हटला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस दारात. टाय लावलेला, चाळिशीचा, गोड बोलणारा.

"मॅडम, ही मशीन सगळं खाते. धूर, धूळ, वास, सगळं. पाच मिनिटांत!"

"आत काय आहे?"

"नॅनो."

"नॅनो काय?"

"नॅनो म्हणजे... बारीक."

"बारीक काय?"

"टेक्नॉलॉजी, मॅडम."

मी मशीन उलटी केली. मागच्या स्टिकरवर भिंगातून वाचलं: टायटॅनियम डायऑक्साइड. घ्या! हे तर भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं. आत एक जाळी, तिच्यावर ह्या पांढऱ्याचा थर, समोर जांभळा दिवा. तो उजेड पडला की जाळीला टेकलेला वास तुटतो. झाडून बाजूला केल्यासारखा नाही, तुटतोच. एवढं मला दादरच्या वाचनालयात दोन दुपारी बसून आधीच कळलं होतं. टायवाल्याला नव्हतं कळलं.

त्यानं खोक्यात उदबत्ती लावून डेमो काढला. मी म्हटलं, "उदबत्ती तुमच्या घरी लावा. आमच्या घरचं बघू दे. वच्छे, सुके बोंबील आण."

बोंबील तापल्या तव्यावर पडले मात्र, साहेबांनी टायनं नाक दाबलं. लिफ्ट यायची वाटसुद्धा बघितली नाही. चौदा मजले जिन्यानं! बॅग इथे, मशीन इथे, एक बूटही इथेच.

वास गेला, खोटं कशाला बोलू? पण कधी गेला? मी त्याला फोन केला. "अहो, तुमची पाच मिनिटं झाली."

"झाली ना मॅडम? बघा!"

"संध्याकाळचे सात वाजलेत!"

तरीपण मशीन मी ठेवून घेतली. माणूस खोटारडा होता, जाळी नव्हती.

*

मशीन कशी चालते ते मी दोघींना समजावून सांगितलं. वच्छीला वासाचे तुकडे पडणं वगैरे पटेना, म्हणून म्हटलं, "असं समज, ती वास खाते."

वच्छी पापड लाटत होती. लाटणं थांबवून तिनं विचारलं, "खाता, ता समाजलंय. पण हगता खंय?"

हसू नका. ह्यापेक्षा शहाणा प्रश्न त्या मशीनबद्दल अजून कुणी विचारलेला नाही. पूर्ण पचलं तर बाहेर पडतं ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, आपण श्वास सोडतो तसंच. पण अर्धवट पचलं तर? मग मधलंच काहीतरी बाहेर येतं, आणि ते कधीकधी मूळच्यापेक्षा वाईट. शिवाय दिवा चुकीचा असेल तर ओझोन होतो आणि तो घशाला लागतो. शालननं हॉस्पिटलातले जांभळे दिवे बघितलेले, तिनं पण मान डोलवली. "ते दिवे लावले की आम्हाला खोलीबाहेर काढायचे."

म्हणून मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

मी म्हटलं, "एवढंच सांगा, खाल्लेलं पूर्ण पचतं की अर्धं बाहेर टाकते? आणि दिव्यानं ओझोन होतो का?"

बराच वेळ गाणं वाजलं. मग मुलगी परत आली. "मॅम, एकदा कन्फर्म करते. आपला प्रॉडक्ट मिक्सर आहे की ज्यूसर?"

शेवटी त्यांच्या इंजिनिअरनं उलटा फोन केला. दिवा ओझोनवाला नाही म्हणाला, आणि दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. "आजी, एक खिडकी थोडी उघडी ठेवत जा." अख्ख्या कंपनीत तेवढा एक माणूस शहाणा!

*

पाडव्याला मशीन रीतसर विकत घेतली. नवी वस्तू घरात आली, दिवस सणाचा, मी गुढीच्या गडबडीत. वच्छीला सांगितलं, "मशीनला जरा हळदकुंकू लाव."

मला वाटलं, वरच्या झाकणाला एक बोट लावेल.

दुसऱ्या दिवसापासून मशीनचं जेवणच तुटलं. फोडणीचा वास आपला हलेचना. आठ दिवस असेच. मुदतीतले आठ दिवस! माझं नखं खाणंच बाकी राहिलं. शेवटी कंपनीचा मेकॅनिक आला. यूपीकडचा, कमी बोलणारा. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि मागे सरकला.

आतली पांढरीशुभ्र जाळी पिवळीधमक. मधोमध कुंकवाचा मळवट. वर अक्षता. दिव्याच्या काचेवर हळदीची पाच बोटं!

"वच्छे!"

"माका काय म्हायत?" वच्छी म्हणाली. "फटीतून आत जोत पेटलेली दिसली. म्हटलं, देव आत आसा आणि झाकणाक कुंकू कशाक? बटण बंद केलंय, उघडलंय, मनापासून लावलंय."

जाळीवर हळद बसली तर उजेड पोचणार कसा आणि वास टेकणार कुठे! शालन सोफ्यावर लोळून हसत होती. ती बौद्ध, तिच्याकडे पूजाअर्चा नाही. म्हणाली, "म्हणून सांगते, आमच्या घरी मशीनला फक्त स्विच असतो!"

मेकॅनिकनं नवी जाळी बसवली. जाताना कंपनीच्या फॉर्मवर बिघाडाचं कारण लिहिलं. मी भिंग लावून वाचलं. 'कस्टमर ने मशीन की शादी करा दी.'

*

एप्रिलमध्ये तावडे वही घेऊन दारात. "काकी, तुमच्या मसाल्यानं आमच्या मिसेसचे डोळे चुरचुरतात. रोज! लिहून ठेवतोय मी."

"आम्ही बारा दिवसांत तवा तापवलेला नाही, तावडे."

"मग काय मी खोटं बोलतो?"

"चला, बघू या."

गेले एकविसाव्या मजल्यावर. दार उघडलं आणि माझेच डोळे भरून आले. नवं कपाट, नवा पलंग, नवं टीव्ही युनिट, सगळं प्लायवूड आणि डिंक. भिंतींना ताजा रंग. त्यावर उपाय म्हणून तीन रूम फ्रेशनर, आणि डासांसाठी कॉइल. खिडक्या बंद, एसी चालू. त्या घरात मसाला भाजला असता तर हवा सुधारली असती!

मी तसं सांगितलं. तावडे म्हणाले, "फर्निचर ब्रँडेड आहे."

"असू दे. डोळ्यांना ब्रँड कळत नाही. सकाळी दोन तास सगळ्या खिडक्या उघडा, बाजूचं बांधकाम दहाला सुरू होतं त्याच्या आत. कॉइल आणि फ्रेशनर बंद. आणि माझी मशीन आठवडाभर ठेवून बघा. डिंकाचा वास खायला ती बरी आहे."

मोठेपणा केला खरा, आणि फसले. आठवड्यानं मशीन आणायला गेले तर तावडेवहिनींनी ती दोन्ही हातांनी धरलेली. डोळे स्वच्छ, चेहरा टवटवीत. माझ्या तपासणीला पंधरा दिवस उरलेले, आणि मशीन सेक्रेटरीच्याच घरात अडकली!

"वहिनी, द्या आता."

वहिनी म्हणाल्या, "काकी, मशीन राहू दे. हवं तर ह्यांना घेऊन जा!"

त्यांची स्वतःची मशीन आली तेव्हा कुठे माझी सुटली. तावडेंना मात्र फरक नाही. "घरचं घरात, नियम तो नियम. तपासणी होणार!"

*

आता एक कबूल करायचं ते करते, कारण कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं. मिरचीचा धूर ही मशीन खात नाही. चार वेळा दोन-दोन मिरच्या भाजून बघितलं. मशीन वास तोडते, सावकाश. धूर म्हणजे बारीक कण; त्यांनी उलट जाळीच बुजते. ठसका आपला जिथल्या तिथे.

चौथ्या वेळी मी चिडून ताटली आपटली. मग शालननं एक उदबत्ती पेटवली आणि घरभर फिरायला लागली.

वच्छी म्हणाली, "काय गो शालन, देवधर्माक लागलंस काय?"

"गप गं. धूर कुठे जातो ते बघतेय."

उदबत्तीचा धूर स्वयंपाकघरातून सरळ निघाला, हॉलमधून गेला आणि मुख्य दाराच्या फटीखालून पॅसेजमध्ये! खिडकीकडे ढुंकूनही बघेना. आम्ही महिनाभर मशीनला बोल लावत होतो आणि चोरवाट पायाखाली होती.

मग खिडकीत मोठा एक्झॉस्ट बसवला, धूर बाहेर मोकळ्या मैदानाकडे. दाराच्या फटीला ओला टॉवेल. मिरचीला तेलाचा हात, एकदम किलोभर न टाकता मूठ मूठ भाजायची. वरच्या पवारीणबाईंना सांगून ठेवलं, दहा ते अकरा खिडकी लावा, मसाल्याची एक बरणी तुमची. आणि जो उरलासुरला वास हॉलमध्ये रेंगाळेल त्याच्यासाठी मशीन. तिला झेपेल तेवढंच काम तिला द्यायचं. माणसांच्या बाबतीत हे मला साठीत कळलं, मशीनच्या बाबतीत महिन्यात.

*

पण पॅसेजमध्ये वास येतो की नाही हे सांगणार कोण? आमच्या तिघींची नाकं चाळीस वर्षांच्या मिरचीनं बाद झालेली. वच्छीला तर गॅस सुटलेला कळत नाही.

शालन म्हणाली, "नवव्या मजल्यावरच्या स्नेहलला चौथा महिना लागलाय. तिला सगळ्याचा वास येतो."

स्नेहलला विचारलं, तिच्या सासूला विचारलं. पोरगी आनंदानं आली; घरात बसून कंटाळलेली. लिफ्टपाशी खुर्ची दिली, हातात कोकम सरबत, आणि सांगितलं, नाकाला जरा जरी खटकलं तर सरळ लिफ्टनं खाली जायचं. आत आम्ही भाजणी सुरू केली. अर्ध्या तासानं मी डोकावले.

"काय गं, येतो का वास?"

तिनं डोळे मिटून नाक वर केलं. "सहाव्या मजल्यावर कुणीतरी कांदा चिरतंय. लिफ्टमध्ये ओला कुत्रा जाऊन आलाय. वॉचमनच्या डब्यात आज भेंडी."

"अगं, मसाल्याचं सांग!"

"मसाल्याचा नाही येत, काकी. पण वच्छीमावशीनं काल सुकट खाल्लीय."

वच्छी दाराआडून ओरडली, "परवा!"

*

तपासणीचा दिवस. मे महिना, सकाळचे दहा. चौदाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ही गर्दी! तावडेवहिनी आल्या, स्नेहल तिच्या खुर्चीसकट आली, पवारीणबाई खिडकी लावून खाली आल्या. शालन नर्सच्या वेळची स्वच्छ पांढरी साडी नेसलेली. वच्छी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. का खोटं बोलू? माझ्या हातातून झारा दोनदा खाली पडला.

कमिटीतर्फे दोघं. एक तावडे. त्यांना तिथूनच कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं, म्हणून सफारी घालून, केस रंगवून, डोक्यापासून पायापर्यंत सेंट मारून आलेले. दुसरे आमचे चेअरमन म्हात्रे. हे गृहस्थ चाळीच्या वेळेपासून चेअरमन. पंधरा वर्षांत मीटिंगमध्ये त्यांनी एक शब्द उच्चारलेला कुणी ऐकलेला नाही. ठराव मंजूर असेल तर मान हलवतात, नामंजूर असेल तर चष्मा पुसतात.

तावडेंनी मेव्हण्याकडून हवा मोजायचा मीटर आणला होता. तळहाताएवढा. हवा चांगली तर हिरवा, खराब तर लाल आणि वर बोंब मारतो. तो म्हात्रेंच्या हातात दिला, त्यांना माझ्या दाराशी उभं केलं, आणि स्वतः वही घेऊन लांब जिन्याच्या टोकाला गेले.

"करा सुरू!"

एक्झॉस्ट चालू, टॉवेल ओला, मशीन चालू. बेडगी झाली. मीटर हिरवा. संकेश्वरी झाली. हिरवा. मग लवंगी टाकली. शालन दारातल्या भोकातून बघत होती. "हिरवा, इंदू! हिरवाच!"

पाऊण तासानं तवा उतरवला आणि दार उघडलं. तावडे तरातरा आले. "दाखवा, दाखवा इकडे." म्हात्रेंच्या हातातून मीटर घेतला.

मीटर बोंबलला! लालभडक!

"बघा!" तावडे ओरडले. "बघा, आला की नाही धूर बाहेर! सगळे साक्षीदार आहेत. लिहा, मसाला बंद!"

वच्छीनं कपाळावर हात मारला. शालन मात्र पुढे झाली, थर्मामीटर काढून घ्यावा तसा त्यांच्या हातातून मीटर काढून घेतला आणि माझ्या दाराशी, अगदी उंबऱ्यावर धरला. हिरवा. एक एक पाऊल टाकत तावडेंच्या दिशेनं निघाली. पिवळा. आणखी एक पाऊल. लाल. त्यांच्या कॉलरपाशी नेला तेव्हा मीटर असा किंचाळला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"मीटर बिघडलाय!" तावडे म्हणाले.

"मीटर तुमचाच आहे," शालन म्हणाली.

सगळ्यांच्या माना म्हात्रेंकडे वळल्या. आता मान हलवतात की चष्मा पुसतात?

म्हात्रेंनी शालनच्या हातातला मीटर बघितला. मला बघितलं, तव्याला बघितलं, तावडेंना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग घसा खाकरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

"तावडे," ते म्हणाले, "तुम्ही जिन्यानं खाली जा. काकी, तुम्ही भाजा."